गोधडीच्या कोपऱ्यातला घास

परत आलेलं पार्सल घेऊन कुरिअरवाले चाचा दुकानाच्या पायरीशी आले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "घ्या साहेब, पोरगी माहेरी आली." मी हसायचो. एकदा मात्र मला हसता आलं नाही. त्या पार्सलबद्दल मी पुढे कित्येक वर्षं कुणाशी एक अक्षरही बोललो नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस, त्यामुळे गप्प राहणं जमूनही गेलं. आता लिहितो आहे.

अमरावतीला आमचं कापडाचं दुकान. वडलांनी थाटलेलं. गिऱ्हाईक बहुतेक खेड्यांतलं. कापूस विकला गेला की लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर दुकानात येऊन बसायचं. नवरीच्या शालूपासून आत्याच्या मानाच्या लुगड्यापर्यंत सगळी कापडं एकाच बैठकीत निघायची. मग कापसाचं बिनसत गेलं आणि बस्ता आखडत गेला. आधी मानाची लुगडी गेली, मग शालूच्या जागी साधी जरीची साडी आली, मग नुसता नवरदेव एकटाच मोटारसायकलवर येऊन स्वतःचा शर्ट घेऊन जायला लागला. दुकान उघडून बसावं आणि रस्त्याकडे बघावं, असे दिवस आले. तेव्हा मी एका ऑनलाइन बाजारावर खातं उघडलं. चादरी चालल्या नाहीत, कारण बाहेरचे व्यापारी माझ्या खरेदीच्या भावात त्या विकत होते. चालल्या त्या गोधड्या.

गोधड्या माझी मोठी बहीण शिवायची. तिला आम्ही बाई म्हणतो. ती अकोल्याला, गावाच्या कडेच्या वस्तीत राहते. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली तिच्या आजूबाजूच्या बायांची वेचणी सुरू होण्याआधीच संपली. बाईनं त्यांना ओसरीवर बोलावून हाती सुई-दोरा दिला. सुती साड्या, मऊ धोतरं, दुकानातले उरलेले तुकडे, सगळं धुऊन, थरावर थर लावून त्या शिवत. तान्ह्या बाळांच्या छोट्या गोधड्यांना फार मागणी होती.

बाईची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी ती आत पोळीचा नखाएवढा तुकडा ठेवायची, त्याला हळदीकुंकू लावायची आणि मग टाके घालायची. आमची आई तेच करायची. गोधडी जन्मभर माणसाला ऊब देणार, तर तिच्या पोटात आधी एक घास जायला पाहिजे, असं त्यामागचं म्हणणं. लहानपणी तो घास ठेवायला आम्ही भांडायचो.

पण विकायचा माल म्हटल्यावर मी बाईला सांगितलं, "आता हे बंद कर. घेणारे लोक वेगळे आहेत."

"काहून? त्यायले थंडी नाही वाजत?"

"वाजते. पण कपड्यात अन्न निघालं तर तक्रार करतात."

"अरे बापू, पोळी वाळून खडंग होऊन जाते. काय होते तिले? अन् लेकराची गोधडी, तिले उपाशी धाडतं का?"

मी पुन्हा सांगितलं, ती हो म्हणाली आणि घास ठेवत राहिली. मला ते माहीत होतं. कोपरा चिमटीत धरला की आत काहीतरी कुरकुरायचं. हे इथंच लिहून ठेवतो: मला माहीत होतं.

ऑनलाइन विक्रीतलं निम्मं काम परतीचं असतं, हे आधी कुणी सांगत नाही. एकीनं लग्नघरात पाहुण्यांना पांघरायला गोधड्या मागवल्या आणि लग्न उरकल्यावर "रंग फोटोसारखा नाही" म्हणून परत केल्या; त्यांना खोबरेल तेलाचा वास येत होता. एकानं लिहिलं, टाके सरळ रेषेत नाहीत. ते मी बाईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "त्याले म्हणा, पट्टी लावून निजतं का तू?" ओसरीवरच्या बाया हसलेल्या मला इकडे ऐकू आल्या. मला मात्र हसू यायचं नाही. तक्रार आली की बाजारवाले दोन्ही बाजू मागवत, आमची लेखी बोलाचाली वाचत आणि निकाल देत. निकाल विरुद्ध गेले की दुकानाचे तारे उतरत आणि गिऱ्हाईक शोधायला लागलं की मालाचा फोटो मागच्या पानावर ढकलला जाई. मी पार्सल बांधतानाचे व्हिडिओ काढायला लागलो. उत्तरं तयार करून ठेवली. कुणाचीही तक्रार आली की आधी वाटायचं, हा खोटं बोलतो आहे. ही सवय कधी लागली, कळलं नाही.

अशात पुण्याहून एक तक्रार आली. बाळाची गोधडी, कारण 'अस्वच्छ माल', आणि सोबत फोटो. कोपरा उसवलेला, त्यात पोळीचा पिवळट तुकडा, त्यावर कुंकवाचा डाग.

मी तयार उत्तर पाठवलं: आमच्या मालात कोणताही खाद्यपदार्थ वापरला जात नाही. शिवण उसवलेली असल्यामुळे माल परत घेता येणार नाही.

थोड्या वेळानं तिचा निरोप आला. तो मला अजून जवळजवळ पाठ आहे.

"दादा, मला पैसे नकोत. गोधडी मी धाकट्या जावेच्या बाळासाठी घेतली होती. कोपरा टोचतो म्हणून तिनं उसवला, तर हे निघालं. मला मूल नाही. घरात सगळे म्हणतात, मी करणी करून आणली. माझं माहेर मोर्शीचं. माझी आजी गोधडीला घास भरायची. हा तोच घास आहे ना? एवढंच लिहून द्या, मी सासूबाईंना दाखवते."

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. दुकानात कुणी नव्हतं. समोरच्या रस्त्यानं सरकीचं पोतं लादलेली सायकल ढकलत एक माणूस चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत बसलो.

'हो' लिहिलं असतं तर ते बाजारवाल्यांनी वाचलं असतं. कपड्यात अन्न आहे, विक्रेत्यानं स्वतः कबूल केलं आहे. खातं बंद झालं असतं. बाईच्या ओसरीवरच्या बायांचं काम थांबलं असतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली, आणि ती खोटी नव्हती. पण मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. एवढ्या तक्रारी हाताळल्यावर मला वाटलं, ही पण गोड बोलून कबुली काढून घेणारीच असेल. दादा म्हणते आहे, म्हणजे नक्कीच.

मी लिहिलं: "आमच्याकडे अशी कोणतीही प्रथा नाही. तो तुकडा आमच्याकडून गेलेला नाही."

तिनं पुन्हा काही लिहिलं नाही. निकाल माझ्या बाजूनं लागला.

काही दिवसांनी चाचा आले. "घ्या साहेब, पोरगी माहेरी आली." परतीचा अर्ज नामंजूर झालेला असताना तिनं स्वतःच्या खर्चानं गोधडी पाठवली होती. आत चिठ्ठी नव्हती. कोपरा उसवलेला होता आणि घास काढून टाकलेला होता. पाकिटावर तिच्या अक्षरात तिचा पत्ता होता.

"काय झालं साहेब? तब्येत तो बरी आहे ना?" चाचांनी विचारलं.

"बरी आहे," म्हटलं.

तिचा पत्ता हातात होता, म्हणजे बाजारवाल्यांना कळू न देता तिला पोस्टकार्ड टाकता आलं असतं. त्या दिवसापासून रोज टाकता आलं असतं. मी गोधडी पाकिटासकट घरी नेऊन कपाटावर ठेवून दिली. पुढची दिवाळी गेली, त्यानंतरच्या गेल्या. धंदा बरा चालला. बाईनं एकदा सहज विचारलं, पुण्याची ती लेकराची गोधडी आवडली का रे त्यायले, तेव्हा मी हो म्हणालो.

बाई एका उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आली. ती आली की घर झाडायला घेते, कुणी सांगो न सांगो. मी दुपारी जेवायला घरी आलो, तर ती गोधडी मांडीवर घेऊन बसलेली.

"काहून रे, हे माह्या हातची गोधडी इथं काय करून राहिली?"

"वापस आली होती."

"मंग मले काहून नाही सांगतलं? अन् कोपरा उसवला कोनं? घास कुठी गेला?"

मी हात धुऊन पाटावर बसलो. वाढलेलं ताट समोर होतं. तिथंच मी तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं विचारलं,

"तिले लेकरू नव्हतं?"

"नव्हतं."

"अन् तिनं तुले दादा म्हटलं?"

"हो."

"घास मी ठेवला. तुले ठाव होतं का मी ठेवतो म्हून?"

"ठाव होतं."

"मंग तुनं तिले चेटकीन केलं रे," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "अन् माह्या हातानं केलं." ताट तसंच ठेवून ती आतल्या खोलीत गेली. मी ते जेवलो नाही आणि झाकलंही नाही.

संध्याकाळी ती बाहेर आली ती पिशवी भरूनच. "पत्ता आहे ना? तिकिटं काढ. तू एकटा गेला त दारातून पळून येशील. मी येतो संगं."

पुण्याला गेलो. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर होतं. दार तिनंच उघडलं. चाळिशीची असेल, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. मी बाईच्या मागे सरकलो. बाईनं गोधडी पुढे केली.

"माय, मी अकोल्याची. हे गोधडी म्या शिवली. घास माह्या हातचा होता."

ती दाराला धरून उभी राहिली. मग बाजूला झाली आणि "आत या" म्हणाली.

घर शांत होतं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, असं तिनं सांगितलं. धाकटे दीर-जाऊ त्या गोष्टीनंतर वेगळे राहायला गेले. त्यांची मुलगी आता शाळेत जाते. "तिच्या वाढदिवसाला मी बाहेरून खाऊ पाठवते. घरी केलेलं घेत नाहीत," ती म्हणाली. ते तिनं बाईकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही.

मी म्हणालो, "ताई, मला माहीत होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "सासूबाई विचारायच्या, आलं का उत्तर? मी सांगायचे, येईल. मग तुमचं उत्तर आलं. ते मी त्यांना दाखवलं नाही. माझ्या फोनवरून त्यांनी ते धाकट्या मुलाकडून वाचून घेतलं."

तिनं फोन उचलला, जावेला लावला आणि माझ्यापुढे धरला. "बोला."

मी बोललो. अमरावतीहून आलो आहे, गोधडी विकणारा मी, त्यातला तुकडा आमच्याकडचाच होता, आमच्यात तशी रीत आहे, मी तेव्हा खोटं लिहिलं. पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग तिची जाऊ म्हणाली, "आता कशाला सांगता?" आणि फोन बंद झाला.

मी फोन परत दिला. काय उत्तर आलं हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं गोधडी मांडीवर पसरली आणि उसवलेल्या कोपऱ्यात बोट घालून बघितलं.

"शिवून देता का?" तिनं बाईला विचारलं.

"देतो ना. पोळी आहे का घरात?"

ती उठून आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. सकाळच्या पोळीचा तुकडा आणि देवापुढची हळदीकुंकवाची कुयरी घेऊन ती आली. बाईनं दोरा ओवला, पण तुकडा हातात घेतला नाही. "तूच ठेव माय," ती म्हणाली. "गोधडी तुही आहे."

परतीच्या गाडीत बाई शेगाव गेलं तरी खिडकीबाहेरच बघत होती. अकोला आलं, तिनं पिशवी उचलली आणि उतरताना म्हणाली, "गोधडीच्या फोटोखाली लिहून टाक. घास आहे म्हना. ज्याले नको तो नाही घेनार."

लिहिलं. खातं बंद झालं नाही; पण तेव्हापासून विक्री कमी झाली आहे, खोटं कशाला सांगू. ओसरीवर आता दोघीच येतात. फोटोखालची ओळ सगळेच वाचत नाहीत, म्हणून परतीही येतात: कपड्यात अन्न, विचित्र वस्तू, एकानं तर 'जादूटोणा?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं. चाचांचा मुलगा आता पार्सल आणतो. त्याला वडलांचं ते वाक्य माहीत नाही. मी परत आलेला माल वाद न घालता घेतो. विक्रेत्याच्या उत्तरासाठी एक रिकामी चौकट असते. तिच्यात मी दर वेळी तेच लिहितो: हो, तो घास आमचाच आहे.