आबांची बर्मुडा

माझं सासर निमगाव केतकीचं. सासरे, म्हणजे आबा, बैलगाडीवरून पडले आणि बारामतीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, धोतर नको, पायात येईल. आखूड, सैल काहीतरी घाला आणि रोज चालवा, नाहीतर पाय आखडेल. आबांचं मागणं एकच होतं, आपल्या डाळिंबाच्या बागेपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं.

आमच्या ह्यांनी तिथल्याच दुकानातून बर्मुडा आणली. राखाडी रंग, मोठाले खिसे, पुढं लोंबणारी पांढरी जाड नाडी. कॉलेजची पोरं तेव्हा तसली घालून मिरवायची.

"नाडी भाईर कशाला ठिवलीया? लोकांला दावायला?" आबा म्हणाले.

कुरकुरले खरे, पण बर्मुडा त्यांना आवडली होती. एका खिशात चंची गेली, दुसऱ्यात अडकित्ता. शेतात जन्मभर पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर राबलेला माणूस, पण ते शेतात. घरात सुनेसमोर उघड्या पोटऱ्यांनी उभं राहायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्यात सासरा घरात शिरताना खाकरतो, म्हणजे सून पदर सावरते. आता सगळं उलटं झालं. ओसरीवर जाण्याआधी मी बांगड्या वाजवू लागले. बांगड्या वाजल्या की भिंतीला धरून चालणारे आबा बाजेवर बसायचे आणि गुडघ्यांवर गोधडी ओढायचे. एकदा त्या घाईत धडपडले. तेव्हापासून त्यांना जरा वेळ मिळावा म्हणून मी पार चुलीपासूनच वाजवत निघायची. घर दोन खोल्यांचं आणि माझी दिवसभर ये-जा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "लई मर्यादेची हाय आमची सून." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढं पुढं आबा उठेनातच. "आत्ता सूनबाई येत्याल," म्हणत बसून राहायचे.

तपासणीला गेलो तेव्हा पाय कायमचा आखडला होता. डॉक्टर ह्यांच्यावर उखडले, "चालवलं नाही का यांना?" मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आत आबा म्हणाले, "पोरांची चूक न्हाय, डाक्टर. घरात चालायला जागाच न्हाय." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

बागेत ते पुन्हा गेले ते मुलाच्या पाठीवर बसून. "आबा, चाला तुमी, मला काय न्हाय वाटत," एवढं बोलायला काय झालं होतं मला? पण सासऱ्याच्या पायांबद्दल सुनेनं बोलायचं नसतं. ही हळहळ अजून जात नाही.

ते गेल्यावर त्यांचे कपडे मीच धुवायला काढले. बर्मुडा बसून बसून मागच्या बाजूला पार विरली होती. गुडघ्यांपाशी कापड अजून नवंकोरं होतं.