एक म्हणायच्या आत

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा तो माणूस लिफ्टचं बटण दाबलं की मोठ्याने सेकंद मोजायला लागतो. गॅसवर दूध ठेवलं तरी मोजतो, असं त्याची बायको सांगते. बँकेचं ॲप कुठे रेंगाळतं ते शोधून काढणं ही त्याची नोकरी.

त्या सकाळी मी खाली उतरले, तर गेटपाशी उरणच्या मासळीवालीची आणि गिऱ्हाइकाची जुंपलीच होती. गिऱ्हाईक म्हणे पैसे पाठवले, आणि ती फोन नाचवत होती. "निस्तं चाक फिरतंय, काय दिसत नाय!"

ॲप नेमकं आमच्या या सेकंद मोजणाऱ्याच्याच बँकेचं. हा तिच्या टोपलीशेजारी उकिडवा बसला आणि मोजत सुटला. एकविसाव्या सेकंदाला खातं उघडलं. रोजच्या बारीकसारीक नोंदींची यादी संपता संपेना. तो ताडकन उठला आणि माझ्याकडे वळला.

"काकू, सापडलं! आम्ही ज्यांवर ॲप तपासतो ती खाती नवीकोरी, रिकामी! ॲप हिची सगळ्या वर्षांची यादी एकदम ओढतंय!"

चपला तिथेच टाकून तो जिन्याने वर पळाला. लिफ्टसाठी थांबलाच नाही.

दुरुस्ती झाल्यावर तो पुन्हा तिच्यासमोर येऊन बसला. तिने ॲपवर बोट टेकवलं, याने मोजायला सुरुवात केली.

"ए..."

"आलं पन!" ती म्हणाली.

तो लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. एवढा शुद्ध शाकाहारी माणूस, पण त्या भरात त्याने दोन पापलेटं घेतली, माझ्या हातात कोंबली आणि विचारलं, "काकू, तळायला किती सेकंद लागतात?"