इंदूची खीर आणि बारकूच्या किडन्या

"ह्याच्या किडन्या जाऊ शकतात," कुत्र्यांची डॉक्टरीण म्हणाली, आणि मी टेबलाची कड धरली.

पुन्हा किडन्याच. माझी बायको इंदू इंग्लंडातल्या ह्याच लीड्समध्ये किडन्यांनी गेली. त्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध होतं.

मी सातवी नापास. लोकरीच्या गिरणीत जन्म गेला, लिहायची सवय नाही. पण तुमच्या घरी शर्यतीतून रिटायर झालेला ग्रेहाउंड कुत्रा असेल तर हे वाचा. मी केला तो गाढवपणा करू नका.

बारकूचं कागदावरचं नाव बार्नी. कानात नंबर गोंदलेला, उंची माझ्या कमरेला लागते. इंदू गेल्यावर पाचव्या महिन्यात माझ्या मुलीने, शैलाने, तो आणायला लावला. म्हणाली, "बाबा, तुम्ही भिंतीशी बोलता. कान असलेल्याशी तरी बोला."

इथल्या मराठी मंडळातले लोक हसले. म्हणाले, "काका, ह्या वयात पळायला लावील तुम्हाला." कसलं पळतो! दिवसातून दोनदा वीस मिनिटं चालतो, बाकी वेळ सोफ्यावर चारी पाय वर. मी कडेला बसतो.

निगा मात्र लागते. अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत कोट. कातडी इतकी पातळ की गुलाबाच्या काट्यानेही फाटते. दात कच्चे, रोज घासायचे. मी आधी माझी कवळी घासतो, मग त्याचे दात. ब्रश वेगळे आहेत.

आणि मान लांब. ओट्यावरचं काहीही ओट्यावर राहत नाही. हे मला माहीत होतं, तरी घडलं.

श्राद्धाला मी इंदू करायची तशी तांदळाची खीर केली. ती मूठभर मनुका घालायची, मी दोन मुठी घातल्या. कावळ्याचा घास पानावर वाढून मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवला आणि हात जोडून उभा राहिलो.

कावळा शिवेना. म्हणजे बाईचं काहीतरी राहिलंय. मग मी एकेक कबूल करायला लागलो. गोळ्या वेळेवर घेईन. शैलाच्या नवऱ्याला नावं ठेवणार नाही. तुझ्या बहिणीला फोन करीन. हे शेवटचं फार जड गेलं, म्हणून डोळे मिटून म्हटलं.

लप लप आवाज आला. बघतो तर बारकू, पुढचे पाय भिंतीला लावून पान चाटतोय. मिशांना खीर.

मला हसू फुटलं. वर्षात पहिल्यांदा. म्हटलं, कावळा नाही तर कुत्रा, इंदू, तुला घाई झालेली दिसतेय. आणि आनंदाच्या भरात पातेल्यातली उरलेली खीरही त्याला वाढली. तळाशी बसलेल्या मनुका मुद्दाम वेचून घातल्या.

लगेच शैलाला मेडनहेडला फोन लावला.

"बाबा, त्या खीरमध्ये मनुका होता?"

"असणारच. तुझ्या आईची खीर आहे."

"ओ माय गॉड! डॉगला पॉयझन आहे तो! तुम्ही आत्ता व्हेटकडे जावा. फोन ठेवा! बाबा, ठेवा ना!"

द्राक्षं, मनुका, बेदाणे. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून "बघू, काही होतंय का" म्हणत बसायचं नाही. तासाभरात पोचलो, म्हणून निभावलं.

उलटीचं इंजेक्शन दिलं. इंदूची खीर ट्रेमध्ये परत आली. मग ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे कोळशाची पूड, पोटात उरलेलं विष ती धरते. मग सलाइन. पातळ कातडी सोलू नये म्हणून नर्सने चिकटपट्टीऐवजी मऊ पट्टी गुंडाळली.

आणि रक्त तपासलं. तरुण डॉक्टरीण कागद दाखवत म्हणाली, "क्रिएटिनिन आत्ताच वर आहे." हा शब्द मला समजावायची गरज नव्हती. किडनी रक्तातला कचरा बाहेर टाकतेय की नाही, ते त्या आकड्यावरून कळतं. इंदूचे आकडे मी तीन वर्षं पाठ केले होते.

बारकूला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आकडा तिथेच, वरच. शिवाय बारकू अन्नाला तोंड लावेना. नर्सचा फोन आला, "तुम्ही या, लव्ह. त्याला तुमची सवय आहे. तुमचंही जेवण आणा." इकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.

उकडलेली कोंबडी आणि भात नेला. त्याच्या पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. त्याच्यापुढे त्याचं, माझ्यापुढे माझं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी एक घास घेतला. मग त्याने एक घेतला. असं करत दोघांनी संपवलं.

तिसऱ्या दिवशी मोठा डॉक्टर आला. पांढऱ्या केसांचा, इथलाच, यॉर्कशायरचा. त्याने तिन्ही दिवसांचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हा ग्रेहाउंड आहे," तो म्हणाला. "अंगात मांसच मांस. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून ह्यांचा आकडा निरोगी असतानाही इतर कुत्र्यांपेक्षा वर असतो. आणि तीन दिवसांत तो वाढलेला नाही. लघवी बघू."

बारकूला बाहेर नेलं. दाराशी फुलांची कुंडी होती. बारकूसाहेबांनी पाय वर केला, आणि थांबेचना! इंदूचं शेवटी दिवसाला कपभर व्हायचं, मी मोजून लिहायचो. मी ओरडलो, "मुतला! मुतला!" डॉक्टरला मराठी येत नव्हतं, पण त्याने टाळ्या वाजवल्या. ती कुंडी वाचली की नाही, माहीत नाही.

तेव्हा एवढं करा. कुत्रा धडधाकट असतानाच एकदा रक्त तपासून ठेवा आणि कागद जपा, म्हणजे पुढे ताडून बघता येतं. डॉक्टर नवा असला तर आधी सांगा, हा ग्रेहाउंड आहे. मनुका फळीवर नको, कपाटात कडीबंद. त्या डॉक्टरिणीला नावं ठेवू नका, घाबरून का होईना तिने त्याला वाचवला. तिला मी चकल्या नेऊन दिल्या.

घरी आल्यावर पंचाईत झाली. बारकूला सवय लागली. मी समोर बसल्याशिवाय जेवेना. त्याचं भांडं स्टुलावर, कारण उंच कुत्र्याला खाली वाकून खाणं जड जातं. आणि माझं ताट टेबलावर.

इंदू गेल्यापासून मी सिंकपाशी उभ्याने, पातेल्यातूनच खात होतो. ती असतानाही मला ती खोड होतीच. "अहो, बसा की दोन मिनिटं," असं ती चाळीस वर्षं म्हणत राहिली. भिंतीपाशी उभा राहून मी सगळं कबूल केलं, हे तेवढं सुचलं नाही.

ह्या वर्षी खीर बिनमनुकांची केली. घास भिंतीवर ठेवला, नमस्कार केला, दार लावून घेतलं. कावळा शिवला का ते बघत थांबलो नाही. आत दोन पानं वाढलेली होती, आणि बारकू खोळंबला होता.