खाणारी तोंडं लपवली तो दिवस

आता तुम्ही इतकं खोदून विचारून राह्यले तर सांगतो बावा. पण चहा संपेपर्यंत मधात कोणी बोलायचं नाही. माह्या हातून जो घोळ झाला तो ऐकून पहिले तुम्ही हसान, मंग म्हणान का या बुढ्याले तवाच कोणीतरी चांगलं बदडाले पाह्यजे होतं. दोन्ही बरोबर हाये.

आज या ओट्यावर तुम्हाले गडीच गडी दिसतात. कोणी वखर धरते, कोणी मलकापुराले कापसाची गाडी नेते. नेहमीच असं नव्हतं. माह्या बापाच्या, म्हणजे आबाच्या जवानीत घर असंच भरलेलं होतं, राबणारे जास्त अन् बसून खाणारं एखाद-दुसरं. मंग ती तापाची साथ आली. साथ बी अशी हरामखोर, का बुढ्यांले हात लावे ना अन् भरल्या अंगाचे गडी निवडून निवडून उचले. दोन काके गेले, मधला भाऊ गेला, मांगून त्याची बायको गेली. मांगं राह्यलं कोण? बुढा आबा, डोळ्यानं अधू विधवा आत्या, मधल्याचे तीन पोट्टे अन् माहे चार. त्यायच्यासाठी वावरात राबणारे दोघंच, मी अन् धाकटा किसना.

त्यापायी किसन्याचं लगीनच जमे ना. पाहुणा ओट्यावर टेकला का पहिला सवाल, हात किती अन् तोंडं किती. एकानं तर माह्या तोंडावर सांगितलं, "आमची पोरगी तुमच्या घरात जात्यावरच मरन." किसन्याच्या बरोबरीच्यांले लेकरं झाली होती. कोणाच्या वरातीत जाणं बी त्यानं सोडून देलं होतं.

अशात वरवट बकालहून निरोप आला. सुखदेवजी नावाचा चांगला कास्तकार, पोरगी नाकीडोळी नीटस, अन् ते घर पाहाले येऊन राह्यले. मी म्हणलं, हे सोयरपण काही हातचं जाऊ द्यायचं नाही. तोंडं जास्त होतात ना? मंग तोंडं दिसलीच नाही पाह्यजे.

काय अक्कल! माह्यासारखा हुशार माणूस आपल्या सोनाळ्यात दुसरा नव्हता.

त्या दिवशी आबा सकाळीच न्हाऊन, ठेवणीतलं पागोटं बांधून ओट्यावर बसले. लग्नाची बोलणी बापानंच करायची, रीतच ती. मी म्हणलं, "आबा, आत्याले अन् पोट्ट्यायले घेऊन तुम्ही वावरात जा."

"काऊन?"

"घरात तोंडं लय दिसतात."

आबानं माह्याकडं पाह्यलं. "अन् बोलणी कोण करन?"

"मी हाये ना."

"हाव बापा, तू हायेस," आबा म्हणे अन् ओट्याखाली उतरले. आत्यानं त्यायच्या खांद्यावर हात ठेवला, मांगं सगळे पोट्टे, सगळ्यात लहान माह्या थोरल्या पोरीच्या कडेवर. ती रांग वेशीबाहेर गेली तवा मले काय वाटलं म्हणता? चला, घर मोकळं झालं, असं वाटलं.

मंग मी पाळणा सोडून कडब्यात दडवला. झबले, टोपडे दोरीवरून ओढले अन् कोठीत कोंबले. बायको म्हणे, "अवो, हे बरं नाही." मी म्हणलं, "तू भाकरी कर."

जेवणवेळेले सुखदेवजी आले. संगं त्यायची माय, चांगली खमकी बुढी. बुढीनं बसल्या बसल्या घरभर नजर फिरवली.

"बाबू, लेकरं नाही दिसत?"

"नाहीत," मी म्हणलं.

आत बायकोच्या हातून पाण्याचा गडवा पडला.

"अन् ही आढ्याले पाळण्याची दोरी?"

"पाळणा होता. कामाचा नव्हता, म्हणून उतरवला."

बुढीनं पदर डोळ्याले लावला. मले समजलं नाही बुढी काऊन रडून राह्यली. मी आपला खुश, का एक सवाल निपटला.

सुखदेवजीनं विचारलं, "ही बाज कोणाची?"

"बापाची होती. आता कोणी निजत नाही तिच्यावर."

सुखदेवजीनं हात जोडले. बुढी हळूच म्हणे, "साथीनं साफ धुऊन नेलं रे या घराले." अन् ते दोघं एकमेकाकडं असे पाहाले लागले, जसं या घरात माणूस टिकतच नाही.

जेवाले बसलो. बायकोले रोजची सवय. तिनं बारा माणसांच्या भाकरी थापल्या होत्या अन् त्यावर पाहुण्यांच्या वेगळ्या. ती चळत पाहून सुखदेवजीचा घास हातातच राह्यला. "घरात तुम्ही तिघं, अन् एवढ्या भाकरी?"

आता काय सांगावं? मी म्हणलं, "किसना लय खाते."

किसन्यानं माह्याकडं असं पाह्यलं का आजही आठवलं तर घास उतरत नाही. सुखदेवजी म्हणे, "एवढ्या?" मी म्हणलं, "कधी कधी कमी पडतात."

जेवण झालं अन् सुखदेवजी लगेच उठले. सुपारी बी नाही फोडली. गाडी जुंपता जुंपता म्हणे, "राग मानू नका भाऊ. आम्हाले दुसरंच घर कोणी सांगितलं होतं. म्हणे सोनाळ्यात एक घर हाये, मेलेल्या भावाची लेकरं पोटच्यासारखी पोसून राह्यलं, अधू आत्याले बी टाकलं नाही. म्हणलं, तशा घरी लेक देली तर उद्या तिच्यावर वाईट वेळ आली तरी तिले कोणी बाहेर काढणार नाही. आमचं घर चुकलं वाटते."

मी गाडीच्या आडवा झालो. मंग म्हणलं, "तेच घर हाये हे."

"म्हणजे?"

"सगळे हायेत. वावरात हायेत."

"अन् पाळणा?"

"कडब्यात."

"बाप जित्ता हाये?"

"हाव."

"बोलणी कराले आम्ही येऊन राह्यलो, अन् तुम्ही बापालेच वावरात पाठवलं?"

बुढीच बोलली. "सुखदेव, गाडी हाक. ज्याले आपला बाप जास्त होते, त्याले आपली पोरगी बी जास्तच होईन."

गाडी गेली. बायको दारात उभी राहून म्हणे, "माही चारही जित्ती लेकरं आज तुम्ही मारून टाकली. जा, आता घेऊन या." किसना एवढंच म्हणे, "दादा, मी किती भाकरी खातो?"

वावरात गेलो तर पोट्टे बाभळीखाली निजले होते. आबा मात्र ताठ बसून, जसे बैठकीतच बसले.

"जमलं का?"

"नाही."

"काऊन? तोंडं तर कमी होती."

सगळं सांगितलं. आबा शिव्या देतीन असं वाटलं होतं. त्यायनं शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वरवट बकालले जायाले आबानं आपल्या हातानं गाडी जुंपली. आत्याले बसवलं, सगळे पोट्टे चढवले, वरून तो पाळणा बी ठेवला. मी म्हणलं, "मी येतो संगं." आबा म्हणे, "गाडीत जागा नाही. तोंडं लय हायेत."

दिवस मावळता गाडी परत आली. पोट्ट्यायची तोंडं गुळानं माखलेली अन् लगीन ठरलेलं. तठी काय बोलणं झालं, मले कोणी सांगितलं नाही.

पण त्या दिवसापासून दारी कोणी पाहुणा आला का आबा उभे राहात अन् मले विचारत, "बसू, का वावरात जाऊ?" पाहुणे हसत. मी बी हसे. त्या बोलण्यात राग नसे, हेच तर वाईट होतं. आबा होते तोवर विचारत राह्यले. "आबा, बसा, घर तुमचंच हाये," एवढं म्हणाले काय लागत होतं? पण माही जीभ कधी वळली नाही, अन् मंग विचारणाराच राह्यला नाही.

ते असो. लग्नाच्या मांडवात सुखदेवजी माह्या शेजारी बसले अन् गालात हसून राह्यले. मी म्हणलं, "व्याही, एवढं काय झालं?"

म्हणे, "तुमच्या आबाले मी विचारलं होतं, घरात राबणारे किती? म्हणे दोघं. किसना अन् थोरली सून."

"अन् मी?"

"मी बी तेच विचारलं. तर आबा म्हणे, थोरल्याले खाणाऱ्यांत मोजा. मेलेल्याची लेकरं पोसली, तसं त्याले बी पोसून राह्यलो."