आईच्या चित्राखालची ओळ

पडद्यावर माझी आई आली आणि सभागृह हसलं.

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात एका नामवंत विनोदी लेखक-व्यंगचित्रकाराच्या व्यंगचित्रसंग्रहाचं प्रकाशन होतं. ते एकेक चित्र पडद्यावर दाखवून खालची ओळ वाचत होते. आभार मी मानायचे होते. त्यांची सगळी पुस्तकं वाचलेला मुलगा म्हणून सरांनी माझं नाव सुचवलं होतं. खरंच वाचली होती. गावाकडून भाकरीचा डबा आला नाही की मी त्या पुस्तकांवर दिवस काढायचो.

चित्रात दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई. जाड ओठ. पुढं आलेले दात. आईचे दात असे नव्हते. पण कपाळावरचं गोंदण तिचंच. अंगठ्याला बांधलेली चिंधी तिचीच. शेजारी टाय लावलेला काळाकुट्ट पोरगा. खालची ओळ त्यांनी बायकी आवाज काढून वाचली :

"माजा ल्योक साताऱ्याला कॉलिजात हाय. सरकारचा जावई झालाय, आता सून हुडकायला नगं!"

पहिलं वाक्य आईचं. वडूजकडच्या त्या कामावर येईल त्याला ती ते सांगायची. दुसरं त्यांचं.

फक्त शिष्यवृत्तीवर शिकणारे आम्ही काही जण हसलो नाही. मागून कुणी ओरडलं, "जावईबापू, उठा की आता!"

मी उठलो. माईकपाशी गेलो.

"ही माझी आई आहे. मी आभार मानणार नाही."

पाहुणे हसत म्हणाले, "अहो, विनोद आहे. विनोदासारखा घ्या."

सर दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस. तुला इथवर आणलं कुणी?"

त्यांनीच आणलं होतं. फीमाफी त्यांनीच मिळवून दिली होती. ते उपकार मी आजही मानतो. पण त्या दिवशी मी बसलो नाही. थेट एस.टी. स्टँडवर गेलो.

घरी भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली, तेच चित्र. आधी दिवाळी अंकात छापून आलेलं. मुकादमानं पान फाडून दिलं होतं, आईनं खळीनं चिकटवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. आल्यागेल्याला दाखवत होती.

"बघ रं, सायबानं मला काढलंय. त्वांड धुऊन, पदर नीट करून बसले हुते. दात तेवढं चुकलं त्येंचं. खाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. सगळं.

ती भिंतीपाशी गेली.

"मी तर चांगलंच सांगितलं हुतं रं त्यास्नी. पाणी बी दिलं. प्याले न्हाईत, पर दिलं."

मग ती नखांनी पान खरवडू लागली. खळ वाळली होती. कडा निघाल्या. चेहरा निघेना.

पुढं सरांमार्फत त्या लेखकाचा निरोप आला. पुढच्या आवृत्तीत ओळ बदलू, मुलानं मनावर घेऊ नये. मी उलट कळवलं : ओळ बदलून भागणार नाही. पान काढा.

नवी आवृत्ती आली. ओळ बदलली होती. दात तसेच होते.

आता मी सांगलीत शिकवतो. जिथं ते पुस्तक कौतुकानं उघडलं जातं, तिथं मी जातो. बोलावलं नाही तरी जातो. ते पान निघेपर्यंत जाणार. भर सभेत सांगणार, ही माझी आई. हसायचं असेल तर माझ्या तोंडाकडं बघून हसा.