मावशीच्या गावापर्यंतची बॅटरी

जतच्या वाटेवर चार्जिंगचं एकच ठिकाण होतं आणि तिथली वीज गेली होती. आमच्या नव्या विजेवरच्या गाडीत मावशीच्या खेड्यापर्यंत पोचण्यापुरतीच बॅटरी उरली होती. आजारी मावशीला भेटायला निघालेली आई शेजारी बसली होती.

तिथेच एक बाई आपल्या गाडीला टेकून मेथी निवडत विजेची वाट बघत होत्या.

"अशी गाडी घेताना भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की! पण आमच्या गावात चार्जर येईपर्यंत थांबले असते, तर म्हातारी झाले असते."

मला वाटलं, खरंच, सोयी गावात पोचतात त्या कुणीतरी सोयीविना तिथे जात राहतं म्हणूनच.

"चल," आई म्हणाली. "अक्काच्या घरात प्लग असेलच."

प्लग होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढली. "सकाळपर्यंत लावून ठेवावी लागेल," मी चाचरत म्हणाले. आई दर वेळी संध्याकाळच्या आत परतायची.

मावशी उशीला टेकून उठून बसली. "बरं झालं. या खेपेला तरी राहशील."

आईनं पदर खोचला आणि भाकरीसाठी परात पुढे ओढली.