यापा न धरलेला भागाकार

बोलिव्हियातल्या कोचाबांबाच्या शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलेले एलेउतेरियो मास्तर बटाट्याच्या एका पोत्यात नापास झाले. हे दुसरं कुणी म्हणत नाही, तेच सांगत सुटतात, आणि स्वतःला गाढव म्हणतानाही त्यांच्या आवाजात वर्गातला ठसका असतो.

झालं असं, की त्यांच्या बायकोच्या, नेलिदाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाजार मास्तरांच्या गळ्यात पडला. "बटाटे बासिलियाकडूनच आणा," तिनं पलंगावरून बजावलं. "तीस वर्षांची कासेरा आहे माझी." नेहमीची विकणारी ती कासेरा, आणि तिचं नेहमीचं गिऱ्हाईकही कासेराच. दोघी एकमेकींना एकाच नावानं हाक मारतात.

मास्तर वही घेऊन निघाले. आता बटाट्याला वही कशाला? पण नाही! आधी अख्खा बाजार पालथा घातला, मग बासिलियाला नेलिदाचं नाव सांगितलं, आणि पोतं मोजून होताच, चार बायका ऐकत असताना, फळ्यावर मांडावं तसं मांडलं. "बाई, तुमचे पंचवीस पौंड पन्नास बोलिव्हियानोला. पौंड पडला दोनला. पलीकडच्या टोकाला शेहेचाळीस, म्हणजे एक चौऱ्याऐंशी. तुम्ही पौंडामागे सोळा सेंताव्हो जास्त घेता."

बासिलियाचा हात तेवढ्यात शेजारच्या ढिगाकडे गेला होता, यापा घालायला. मोजून झाल्यावर ओंजळीनं वर फुकट घालतात, ती यापा. तिनं हात मागे घेतला आणि एप्रनला पुसला.

"मग तिकडेच जा की, साहेब."

मास्तर गेलेसुद्धा! पाठीला कळ लागेस्तोवर पोतं वाहून आणलं आणि वाचवलेली चार नाणी ऐटीत नेलिदाच्या उशाशी मांडली. तिनं नाण्यांकडे पाहिलंही नाही.

"वजन करा."

तेवीस पौंड भरले. मास्तरांनी काटा झटकला, पुन्हा वजन केलं. तेवीसच. शेहेचाळीस भागिले तेवीस, दोन. हा भागाकार तिसरीतलं पोर तोंडी करतं.

"बासिलियाचं पोतं घरी अठ्ठावीस भरतं," नेलिदा म्हणाली. "पहिली दहा वर्षं एक बटाटा वर घातला नाही तिनं. अकराव्या वर्षी दोन घातले. मग तिच्या लेकीच्या बाळंतपणात मी रांधून नेलं, तिची आई गेली तेव्हा रात्रभर बसले. आणि तुम्ही एका सकाळीत वाट लावून आलात!" बोलता बोलता ती रडायला लागली. ऑपरेशनच्या वेळीही रडली नव्हती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते वही न घेता बासिलियापुढे उभे राहिले.

"काय देऊ, साहेब?"

"पंचवीस पौंड. आणि बाई, कालचं ते..."

ती ऐकतच नव्हती. काटा थोडा झुकला, तर तिनं मोठा बटाटा काढून बारका ठेवला. "मोजून घ्या. बरोबर पंचवीस." पन्नास घेतले. मग एक वेगळी पिशवी भरून त्यांच्या हातात कोंबली. "ही माझ्या कासेराची यापा. तिलाच द्या. तुमच्या हिशेबात धरू नका."

"नाही धरत," मास्तर म्हणाले. बसमध्ये बसल्या बसल्या पन्नास भागिले अठ्ठावीस झालंच. एक एकोणऐंशी! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

आता नेलिदाचा गुडघा बरा आहे. बाजार तीच करते, मास्तर मागून पिशव्या वाहतात. दर शनिवारी ते आधी म्हणतात, "कशी आहेस, कासेरा?"

"बरी आहे, साहेब," बासिलिया म्हणते.

दोन वर्षं झाली याला. "अजून आठ," नेलिदा परतताना सांगते, "मग दोन बटाटे."

मास्तर एकाहत्तरचे आहेत. ती बेरीज त्यांनी कधीच करून ठेवली आहे, आणि शनिवार एकही चुकवत नाहीत.